अग्नी-५ ची रेंज पाच हजार की आठ हजार? आणि त्यावर भांडून उपयोग काय?

पाषाणवासी, २१ ऑगस्ट २०२५, सकाळी १०:१५

काल चांदीपूरहून अग्नी-५ परत एकदा उडालं. बातमी दोन ओळींची, पण आमच्या ग्रुपवर लगेच नेहमीचं दळण सुरू. एक म्हणतो पाच हजार किमी, दुसरा म्हणतो छे, आठ हजार, खुद्द चिन्यांनीच कबूल केलंय, तिसऱ्याने युरोपपर्यंत लाल वर्तुळ काढलेला नकाशा टाकला आणि खाली सतरा तिरंगे. म्हणून इथे धागा काढतोय, इथली मंडळी निदान काहीतरी वाचून भांडतात.

ते आठ हजारवालं आधी निकालात काढू. १९ एप्रिल २०१२ ला पहिली चाचणी झाली तेव्हा चीनच्या लष्करी संशोधन संस्थेतल्या एका अभ्यासकाने तिकडच्या मीडियात सांगितलं की भारत मुद्दाम कमी सांगतोय, खरा पल्ला आठ हजार आहे. यात कौतुकबिवतुक काही नव्हतं. 'बघा, तुम्हीपण टप्प्यात येताय, तुम्हीपण काळजी करा' असं युरोपच्या कानात घालायचा प्रकार दिसतो मला तो. आपण मात्र सर्टिफिकेट म्हणून फ्रेम करून भिंतीला लावलं.

मुळात रेंज ही आरसी बुकात छापलेली गोष्ट नाही. साधारण ५० टनांचं, साडेसतरा मीटर लांब, तीन टप्प्यांचं, तिन्ही टप्पे घन इंधनाचे. पुढच्या टोकाला दीड टन ठेवलं तर एक आकडा येणार, निम्मं ठेवलं तर दुसरा. त्यापेक्षा गरज किती आहे ते नकाशावर मोजा. तेजपूर ते बीजिंग साधारण २,६५० किमी. नागपूर ते बीजिंग ४,१०० च्या आसपास, नागपूर ते शांघाय साडेचार हजारांच्या आत. म्हणजे तीन हजारवाल्या अग्नी-३ ने बीजिंग गाठायचं असेल तर ते ईशान्येत, सीमेच्या नाकासमोर नेऊन ठेवायला लागतं. अग्नी-५ ने तेच काम देशाच्या पोटातून होतं. रेंजचा मुद्दा एवढाच, तो पाच हजारात संपतो.

माझं म्हणणं वेगळं आहे. खरा बदल किलोमीटरमध्ये झालेलाच नाही, तो झाला ३१ जानेवारी २०१५ ला, जेव्हा हेच क्षेपणास्त्र पहिल्यांदा बंद नळकांड्यातून म्हणजे कॅनिस्टरमधून उडवलं, आणि मग ११ मार्च २०२४ ला, जेव्हा दिव्यास्त्र नावाच्या मोहिमेत एका क्षेपणास्त्रावर अनेक वॉरहेड्सचं, म्हणजे टोकावर बसणाऱ्या अण्वस्त्रांचं, तंत्र दाखवलं. या दोन्ही गोष्टींनी बटण दाबायला लागणारा वेळ आणि ते दाबायचा मोह दोन्हीचं गणित बदलतं, आपल्यासाठी आणि समोरच्यासाठी. यावर कुठे चर्चा दिसली का तुम्हाला? मला नाही दिसली. सुरू करा.

टवाळ_पोर, १०:२२

पहिला!! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निवृत्त_मास्तर, ११:०५

चांगला धागा. थोडी मागची पार्श्वभूमी देतो, नव्या पोरांना वाटतं हे सगळं दहा वर्षांत झालं.

१९८३ मध्ये कलामसाहेबांच्या हाताखाली हैदराबादला एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रम सुरू झाला, पृथ्वी, अग्नी, त्रिशूल, आकाश आणि नाग अशी पाच. त्यात अग्नी हे शस्त्र म्हणून नव्हतंच, 'तंत्रज्ञान दाखवण्यासाठी' असं त्याचं वर्णन होतं आणि सरकार कितीतरी वर्षं हेच वाक्य सगळ्यांना ऐकवत होतं. पहिलं अग्नी म्हणजे काय, तर खालचा टप्पा इस्रोच्या एसएलव्ही-३ चा, ज्याने १९८० ला रोहिणी उपग्रह सोडला तोच घन इंधनवाला, आणि वरचा टप्पा पृथ्वीवरून घेतलेला द्रव इंधनाचा. घरात होतं ते जोडून केलेलं काम. एप्रिल १९८९ ला उड्डाण ऐनवेळी थांबवलं, मेच्या सुरुवातीला परत थांबवलं, पेपरात व्यंगचित्रं आली, आणि २२ मे १९८९ ला चांदीपूरहून उडालं.

तिकडे १९८७ लाच अमेरिका आणि बाकीच्या श्रीमंत देशांनी एमटीसीआर नावाचा गट करून क्षेपणास्त्राच्या तंत्रज्ञानाची दारं बंद केली होती. १९९२ ची दुसरी चाचणी फसली, १९९४ ची तिसरी झाली, आणि मग प्रकल्प बासनात. अमेरिकेचा दबाव होता का, तर होता, पैसेही नव्हते. १९९८ च्या पोखरणनंतर गाडी खऱ्या अर्थाने परत रुळावर आली आणि ११ एप्रिल १९९९ ला अग्नी-२. आता पुढची गंमत बघा, १४ एप्रिलला पाकिस्तानने घौरी-२ उडवलं, १५ ला शाहीन-१. तीन दिवसांत उत्तर. क्षेपणास्त्र तीन दिवसांत होत नाही, म्हणजे ती तयार ठेवलेली होती, फक्त कुणी आधी उडवतंय याची वाट बघत होते.

आणि ज्या एमटीसीआरने आपल्याला बाहेर ठेवलं त्यात २०१६ ला आपण सभासद झालो. चीन अजूनही नाही.

भोसरी_एमआयडीसी, ११:४८

मास्तर दंडवत. मी या लायनीतला शास्त्रज्ञ वगैरे नाही, मशीन शॉपवाला आहे, पण घन इंधन हा शब्द लोक असा वापरतात जसं काय कोळसा भरलाय, म्हणून लिहितो.

घन इंधन म्हणजे अमोनियम परक्लोरेटची पूड, ॲल्युमिनियमची बारीक पावडर आणि ते सगळं धरून ठेवणारं एक रबर, एचटीपीबी म्हणतात त्याला. हे मोठ्या मिक्सरमध्ये घोटायचं, तेव्हा आसपास माणूस नसतो, सगळं लांबून कंट्रोल करतात, कारण ठिणगी पडली तर इमारतच जाते. मग ते दाट मिश्रण व्हॅक्यूममध्ये मोटरच्या केसिंगमध्ये ओततात, मधे एक साचा उभा असतो, कित्येक दिवस गरम ठेवून ते आटवतात, घट्ट झालं की साचा ओढून काढायचा, मधे जी पोकळी राहते तिच्या आकारावर आग कशी पसरणार ते ठरतं. त्यानंतर एक्स-रे. आत बुडबुडा नको, चीर नको, केसिंगपासून सुटलेलं नको. चीर असली की तिथे जळायला जास्त पृष्ठभाग मिळतो, दाब वाढतो आणि मोटर फाटते. द्रव इंधनाला नळ बंद करता येतो, हे एकदा पेटलं की विझवायची सोय नाही.

आपल्या महाराष्ट्राचा यात हात मोठा आहे. पुण्यात सुतारवाडीला एचईएमआरएल, नाशिकजवळ एसीईएम, दोन्ही या ऊर्जाद्रव्यांवरच्या डीआरडीओच्या संस्था. दिघीला आर अँड डीई, लाँचरसारखी अवजड कामं. आमच्यासारख्यांकडे फक्त ड्रॉइंग येतं, त्यावर पार्ट नंबर, बाकी कशाचं काय ते सांगत नाहीत आणि आपण विचारायचंही नाही. एकदा एका रिंगची ओव्हॅलिटी, म्हणजे गोलाईतला फरक, काही मायक्रॉनने बाहेर होती, डोळ्याला काय, साध्या व्हर्नियरलापण दिसली नसती, इन्स्पेक्टरने शांतपणे लाल खडूने फुली मारली आणि चहा मागितला. आमच्या हेडमिस्त्रीने त्याला चहा दिला पण बिस्किट दिलं नाही.

टवाळ_पोर, ११:५५

बिस्किट न देणं हे प्रमाणबद्ध प्रत्युत्तर म्हणायचं का 😂

खडूस_काका, १२:३०

सगळं ठीक आहे हो, पण सरकारी दवाखान्यात सलाईन नाही आणि इथे ५० टनांचे बाण सोडताय. ज्या शस्त्राचा वापर कधीच करायचा नाही त्यावर एवढा खर्च करून मिरवायचं कशाला? आणि करायचा असेल तर मग दवाखान्याचा प्रश्नच मिटला सगळ्यांचा.

रणगाडा_७१, १२:४१

काका तुमचं हे दर धाग्यावर असतं. चांद्रयानवर पण हेच होतं. दवाखान्याचं सलाईन क्षेपणास्त्रामुळे अडलेलं नाही, टेंडरमध्ये अडलंय.

खडूस_काका, १२:४३

टेंडर पण तेच सरकार काढतं ना.

कोलकाता_मनवा, १३:२०

माझा एक अनुभव, तांत्रिक नाही. डिसेंबर २०२२, आम्ही तेव्हा खडगपूरला होतो. संध्याकाळ, सूर्य नुकताच बुडालेला, मी गॅलरीत कपडे काढत होते आणि आकाशात एक झगझगीत ठिपका, मागे पंख्यासारखा पसरत जाणारा पांढरा निळसर धूर, पण धूर म्हणावा तर तो आतून उजळलेला, आणि आवाज अजिबात नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या बौदी ओरडायला लागल्या, मुलं मोबाईल घेऊन गच्चीवर पळाली. दहा मिनिटांत परग्रहवासी, धूमकेतू, प्रलय सगळं येऊन गेलं ग्रुपवर. रात्री बातमी, अग्नी-५.

नवऱ्याने नंतर समजावलं की खाली आपल्याकडे अंधार झालेला असतो पण ते इतकं उंच गेलेलं असतं की तिथे अजून ऊन आहे, त्या उन्हात धूर चमकतो.

मला सांगायचं ते हे की ती तारीख १५ डिसेंबर होती आणि ९ डिसेंबरला तवांगजवळ यांगत्सेला आपली आणि चिन्यांची झटापट झाली होती. टीव्हीवर सगळे म्हणत होते की हे त्याचंच उत्तर. खरंच तसं असतं का?

पाषाणवासी, १३:५२

मनवाताई, नाही. अशा चाचणीच्या आधी नोटाम काढावा लागतो, म्हणजे अमुक दिवशी बंगालच्या उपसागरात आणि खाली हिंदी महासागरात इतक्या पट्ट्यात विमानं आणू नका अशी जाहीर सूचना. तारीख आधीपासून ठरलेली असते. पण झटापट झाली म्हणून पुढे ढकलली नाही, एवढं मात्र म्हणता येईल, आणि तोही संदेशच असतो.

नोटाम निघाला की जगभरची हौशी मंडळी नकाशावर त्याची पट्टी काढतात आणि लांबीवरून क्षेपणास्त्र ओळखतात. चीनला तर तेवढंही करायला लागत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये युआन वांग-५ हे त्यांचं माग काढणारं जहाज श्रीलंकेत हंबनटोटाला येऊन उभं राहिलं, किती आरडाओरडा झाला आठवत असेल, आणि नोव्हेंबरमध्ये इकडे चाचणीचा नोटाम असताना युआन वांग-६ हिंदी महासागरात दाखल. या जहाजांवरच्या मोठ्या अँटेना क्षेपणास्त्राचा मार्ग, वेग, कुठला टप्पा कधी सुटला हे सगळं टिपू शकतात. आपल्याकडे तसं आयएनएस ध्रुव आहे, २०२१ पासून. म्हणजे गंमत अशी की खरी रेंज किती हे बीजिंगमधल्या चार-सहा लोकांना आपल्या ग्रुपमधल्या सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत असणार.

चिपळूणकर_भाऊ, १४:१०

अवांतर: ओडिशाच्या त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं लाखांनी अंडी घालतात. त्यातलं एक, २०२१ ला तिकडे टॅग लावलेलं, यंदा जानेवारीत आमच्या गुहागरला वर आलं. साडेतीन हजार किलोमीटर, समुद्रातून, नोटाम न काढता. पाणबुडीतल्या के-४ ची रेंजपण तेवढीच सांगतात ना?

टवाळ_पोर, १४:१२

भाऊ जिंकलात. धागा बंद करा आता.

सातारी_वडाप, १४:४०

बंद नका करू, मला ते एमआयआरव्हीचं, म्हणजे अनेक वॉरहेड्सचं, कुणीतरी नीट सांगा. मला समजलं ते असं, आमच्याकडं वडापची जीप जशी निघती एकच पण प्रत्येक फाट्यावर एकेक पाशिंजर उतरवत जाती, तसं वरती गेल्यावर शेवटचा भाग दिशा बदलत बदलत एकेक वॉरहेड वेगवेगळ्या ठिकाणासाठी सोडत जातो. बरोबर का? मग एका क्षेपणास्त्रात चार ठिकाणं होत असतील तर उलट स्वस्तच झालं की, काकापण खूश.

पाषाणवासी, १५:०५

बरोबर आहे. किती वॉरहेड्स ते सरकारने सांगितलेलं नाही, आणि दीड टनात आपल्याला बसतील तेवढीच बसणार, रशिया-अमेरिकेसारखी दहा वगैरे विसरा.

पण स्वस्त झालं हाच त्यातला घोळ आहे. समोरच्या बाजूने विचार करा. एका वाहनावर एक वॉरहेड असेल तर ते मारायला मला माझं एक तरी घालवावं लागतं, म्हणजे बरोबरी. एका वाहनावर चार असतील आणि मी ते जमिनीवरच मारलं, तर माझं एक जाऊन तुझी चार गेली. म्हणजे तणावाच्या काळात त्याला आधी मारण्यात फायदा दिसतो, आणि मला ते वापरलं नाही तर जाईल अशी भीती. शीतयुद्धात हे दोन्हीकडच्यांना कळायला वीस वर्षं गेली.

आणि कॅनिस्टर. आधी आपली पद्धत अशी मानली जायची की वॉरहेड वेगळीकडे, क्षेपणास्त्र वेगळीकडे, वेळ आली तर जोडायचं. यात उशीर होतो पण अपघात आणि आततायीपणा दोन्हीला आळा बसतो. कॅनिस्टर म्हणजे कारखान्यातून सीलबंद, वर्षानुवर्षं तसंच ठेवायचं, ट्रकवर घेऊन फिरायचं, ना धूळ ना दमट हवा, आणि थांबून थोड्या वेळात सोडायचं. यात वॉरहेड आधीच जोडून ठेवणं आलं. सिप्री या स्वीडनमधल्या शस्त्रांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या अलीकडच्या अहवालांतही तशी शक्यता म्हटलीये. २००३ च्या आपल्या धोरणात 'आधी वापरणार नाही' हे लिहिलंय, ते अजून आहे. पण जो आधी मारणारच नाही त्याला मिनिटांची घाई कशाला, असं पाकिस्तानातला एखादा जनरल विचारणारच ना.

रणगाडा_७१, १५:४८

इथे माझा पूर्ण विरोध. जो आधी मारणार नाही त्यालाच सगळ्यात जास्त तयारी लागते, कारण त्याला पहिला फटका खाऊन मग उठायचंय! कॅनिस्टर घाईसाठी नाही, लपण्यासाठी आहे. एका जागी उभं असलेलं क्षेपणास्त्र उपग्रहातून दिसतं, रस्त्यावर फिरणारं शोधायला अवघड. तुम्ही जे 'शांतपणे जोडायचं' म्हणताय ते शांतपण फटका बसल्यावर मिळणार आहे का?

आणि चीन काय करतोय ते बघा जरा. २०२१ मध्ये गान्सूत युमेनजवळ आणि शिंजियांगात हामीजवळ वाळवंटात सायलोंची, म्हणजे क्षेपणास्त्र ठेवायच्या खोल खड्ड्यांची, शेतीच सापडली, तीसुद्धा बाजारात मिळणाऱ्या उपग्रहचित्रांतून. सिप्रीच्या हिशोबाने तिकडे साधारण ३५० नवे सायलो झालेत किंवा होत आलेत. जानेवारी २०२५ चे त्यांचेच अण्वस्त्रांचे आकडे, चीन ६००, आपण १८०, पाकिस्तान १७०. गेल्या सप्टेंबरात त्यांनी पॅसिफिकमध्ये आयसीबीएम, म्हणजे आंतरखंडीय क्षेपणास्त्र सोडलं, ४४ वर्षांत पहिल्यांदा. आणि आपण इथे अग्नी-५ ने वातावरण बिघडतं का यावर चर्चा करतोय. काय बोलायचं.

सॅन_होजेकर, २२ ऑगस्ट, ०६:३०

इकडे आत्ता संध्याकाळ आहे. पाषाणवासी आणि रणगाडा दोघंही बरोबर आहेत आणि हीच त्यातली अडचण आहे.

हा दोघांचा सामना नाहीये, साखळी आहे. चीन सायलो खोदतोय ते अमेरिकेकडे बघून, आपल्याकडे बघून नाही. चीनच्या दृष्टीने आपण फार तर साईड डिश. पण त्यांनी अमेरिकेसाठी वाढवलेलं सगळं आपल्याला आपल्यासाठी दिसतं, म्हणून आपण अग्नी-५, मग त्यावर अनेक वॉरहेड्स, पाणबुडीतून के-४. ते चीनसाठी म्हणून केलेलं पाकिस्तानला त्यांच्यासाठी वाटतं. त्यात आपण बॅलिस्टिक मिसाईल डिफेन्सच्या चाचण्या करतो, लगेच तिकडे २०१७ च्या जानेवारीत अबाबील, २,२०० किमी आणि अनेक वॉरहेड्सचा दावा, कारण काय दिलं तर भारताचं संरक्षणकवच. शाहीन-३ चं तर उघड सांगितलंय, २०१५ मध्ये त्यांच्या निवृत्त जनरल किडवाईंनी वॉशिंग्टनमध्ये बसून सांगितलं की २,७५० किमी कशाला तर अंदमान-निकोबारला भारताला सुरक्षित जागा मिळू नये म्हणून. नकाशावर मोजून घेतलेली रेंज ती, अगदी पाषाणवासींनी बीजिंगपर्यंत मोजली तशीच.

आणि साखळीचं टोक आता परत अमेरिकेत येऊन टेकलंय. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानच्या नॅशनल डेव्हलपमेंट कॉम्प्लेक्सवर, म्हणजे सरकारी संस्थेवरच, निर्बंध लावले, सोबत कराचीच्या तीन कंपन्या. दुसऱ्या दिवशी इथले उपराष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन फायनर जाहीर म्हणाले की हे असंच चाललं तर पाकिस्तान दक्षिण आशियाच्या बाहेर, थेट अमेरिकेपर्यंत मारा करू शकेल. इकडे ऑफिसात दुसऱ्या दिवशी एक सहकारी मला विचारतो, यू गाईज हॅव सच मिसाईल्स? म्हटलं बाबा आम्ही नाही, शेजारचे. त्याला फरक कळला नसावा.

निवृत्त_मास्तर, ०८:१५

साखळीचं पटलं. त्यात एक कडी राहिली, पाकिस्तानचं बरंचसं सामान चीन आणि उत्तर कोरियाकडून आलेलं. घौरी म्हणजे उत्तर कोरियाच्या नोडाँगचा भाऊ, द्रव इंधनवाला. आणि चीनने एम-११ क्षेपणास्त्रं दिली म्हणून अमेरिकेने १९९० च्या दशकात चिनी कंपन्यांवर निर्बंधही लावले होते. तेव्हा 'चीनला आमच्याशी देणंघेणं नाही, आम्ही साईड डिश' हे अर्धंच खरं. स्वतः लक्ष द्यायला नको म्हणून त्याने लक्ष ठेवायला शेजारी नेमला, असं आमच्या पिढीचं मत.

भोसरी_एमआयडीसी, ०९:०२

कुणी टेसी थॉमस यांचं नाव नाही घेतलं. अग्नी-४ च्या प्रकल्पप्रमुख, अग्नी-५ वर पण मोठी जबाबदारी. शिकल्या कुठे, तर आपल्या गिरीनगरला, खडकवासल्याच्या बाजूला जी संस्था आहे तिथे, गायडेड मिसाईल्समध्ये.

त्या अग्नी-४ ची २०११ ची चाचणी झाली तेव्हा सांगितलं होतं की परत वातावरणात घुसताना बाहेरून तीन हजार अंशांच्या वर तापलं आणि आतलं इलेक्ट्रॉनिक्स ५० अंशांच्या खाली राहिलं. मधे काय, तर कार्बनचं कवच. हे कुणी विकत देत नव्हतं, इथेच करावं लागलं. याच मटेरियलमधून कलामांच्या लोकांनी हैदराबादच्या निम्स रुग्णालयातल्या पोलिओच्या मुलांसाठी पायाला लावायचे हलके कॅलिपर्स केले, किलोंचं वजन ग्रॅमवर आणलं. खडूस काका, हे तुमच्यासाठी.

खडूस_काका, ०९:१०

हे माहीत आहे मला, आणि हे चांगलंच आहे. पण कॅलिपरसाठी क्षेपणास्त्र करायला लागत नाही, एवढंच म्हणेन.

वकीलीण_बाई, ११:२५

तुम्ही सगळे हार्डवेअरमध्ये अडकलात. कागदावर काय आहे ते सांगते.

भारत-पाकिस्तानमध्ये ३ ऑक्टोबर २००५ चा करार आहे, बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी करायच्या किमान तीन दिवस आधी एकमेकांना कळवायचं, मार्ग सीमेपासून ४० किमीच्या आत नको आणि पडायची जागा ७५ किमीच्या आत नको. युद्धज्वर कितीही चढला तरी हा करार दोघं पाळत आलेत. १९८८ चा दुसरा, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, दर १ जानेवारीला याद्यांची देवाणघेवाण. यंदाही झाली.

पण २००५ च्या करारात क्रूझ, म्हणजे विमानासारखी हवेतून जाणारी क्षेपणास्त्रं नाहीत. आणि ९ मार्च २०२२ ला काय झालं? आपलं ब्रह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूला जाऊन पडलं. त्यावर काही लावलेलं नव्हतं म्हणून निभावलं. आपलं निवेदन आलं दोन दिवसांनी! नंतर हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना घरी पाठवलं. आता मे महिन्यातल्या भारत-पाक संघर्षात तर ब्रह्मोस काय, त्यांची फतह क्षेपणास्त्रं काय, सगळं खऱ्यात वापरून झालं. त्यानंतर गेल्याच आठवड्यात पाकिस्तानने आर्मी रॉकेट फोर्स वेगळी करायची घोषणा केली, आणि आपल्याकडे जुलैत लागोपाठ दोन दिवस प्रलयच्या चाचण्या. ही कमी पल्ल्याची साधी वॉरहेडवाली म्हणतात, पण रडारवर येणाऱ्या ठिपक्यावर 'मी साधा आहे' असं लिहिलेलं नसतं.

चीनशी तर असा पूर्वसूचनेचा द्विपक्षीय करारच नाही. मला विचाराल तर अग्नी-६ येणार का यापेक्षा हा कागद कधी येणार हा प्रश्न मोठा आहे.

रणगाडा_७१, ११:५०

कागद चीन पाळेल? १९९३, १९९६ चे सीमेवरचे करार होते की. गलवानला काय झालं मग?

वकीलीण_बाई, १२:०४

गलवानला कागद मोडला म्हणून आपल्याला मोडला हे म्हणता आलं. आणि तिथेही कुणी गोळी झाडली नाही, ती त्याच १९९६ च्या कागदामुळे. दंडुके आणि दगड का होते हातात, विचार करा.

पाषाणवासी, १२:३५

बाई, हा मुद्दा जबरदस्त आहे. रणगाडाभाऊंचं लपण्याचं मलाही मान्य आहे, पण मग ते काम पाणबुडी जास्त चांगलं करते. आयएनएस अरिघात गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये नौदलात आली, नोव्हेंबरमध्ये तिच्यातून के-४ सोडलं, ३,५०० किमी. समुद्राखालचं शस्त्र कुणाला पहिल्या फटक्यात मारता येत नाही, त्यामुळे ते वापरायची घाईपण नाही. माझ्या मते जमिनीवरच्या क्षेपणास्त्रांवर अनेक वॉरहेड्स चढवण्यापेक्षा पैसा तिकडे जावा. अडचण अशी की पाणबुडीत वॉरहेड जोडलेलंच न्यावं लागतं, म्हणजे त्या कॅप्टनवर सगळा भरवसा.

रणगाडा_७१, १२:५१

पाणबुड्यांवर सहमत. पण तोवर जमिनीवरचं सोडून चालणार नाही, बंगालच्या उपसागरातून ३,५०० मध्ये बीजिंग गाठायचं तर अगदी वर किनाऱ्यालगत यावं लागतं, आणि तिथे पाणी उथळ. ते जास्त पल्ल्याचं के-५ होईपर्यंत अग्नी-५ च भार उचलणार.

टवाळ_पोर, २६ सप्टेंबर, १९:१५

धागा वर काढतोय. परवा अग्नी-प्राईम रेल्वेतून उडवलं! व्हिडिओ बघितला का? साध्या मालगाडीसारखा डबा, वरचं छप्पर उघडतं, नळकांडं उभं राहतं आणि सूं. दोन हजार किमी म्हणे. आता कुठल्या मालगाडीत काय आहे कुणास ठाऊक, फाटकावर गाडी अडली की शिव्या द्यायच्या आधी विचार करायला लागणार.

सातारी_वडाप, १९:४०

हे पहिल्यांदाच का जगात?

निवृत्त_मास्तर, २०:०५

नाही, सोव्हिएत रशियाने १९८७ पासून अशी गाडी चालवली, मोलोडेट्स म्हणायचे तिला, २००५ च्या सुमारास मोडीत काढली. आपलं अग्नी-२ पण सुरुवातीला रेल्वेवरूनच होतं. नवं काय, तर हे कॅनिस्टरमध्ये आहे आणि वजनाने हलकं, त्यामुळे खास मजबूत केलेल्या रुळांची गरज नाही.

भोसरी_एमआयडीसी, २०:३०

मला एकच शंका, आपलं ब्रॉडगेज आता जवळजवळ सगळं विजेवर आहे. डब्याच्या डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची तार, तिच्यातून क्षेपणास्त्र उभं कसं करणार? रशियाच्या गाडीत तार बाजूला सारायचं यंत्र होतं असं वाचलंय.

लोको_शेड_भुसावळ, २१:१०

भाऊ, तार बाजूला करायच्या आधी त्या सेक्शनचा सप्लाय बंद करून अर्थिंग करायला लागतं, नाहीतर लाँचरच पेटेल. आमच्याकडे ओएचईचा, म्हणजे वरच्या तारेचा, पॉवर ब्लॉक घ्यायचा म्हणजे टीपीसीला, म्हणजे वीजपुरवठा सांभाळणाऱ्या कंट्रोलरला, फोन, परवानगी, प्रायव्हेट नंबरची देवाणघेवाण, अर्थिंग रॉड, सगळं सोपस्कार पार पडेपर्यंत अर्धा तास कुठे गेला कळत नाही. यांनी स्वतःची सोय केली असणार, किंवा तार नसलेल्या सायडिंगला जाऊन उभे राहणार. बोगदे आणि यार्डाचे शेड आहेतच लपायला. पण पाषाणवासींना जो वेळ हवाय ना विचार करायला, तो आमची रेल्वे आरामात मिळवून देईल.